रजा कधीपासून? आधी तीन तारखा वेगळ्या करा

वाचक विचारतात

मी डोंबिवलीला राहते, लोअर परळला एका खासगी कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. पगार ४५ हजार. पहिलीच वेळ आहे. सध्या २६वा आठवडा चालू आहे, डॉक्टरांनी ७ डिसेंबर २०२६ ही तारीख दिली आहे. माहेर सांगलीचं. आई म्हणते, सातव्यातच ये, पुढे प्रवास नको. सासूबाई म्हणतात, आम्ही नववा लागेपर्यंत शेतात जात होतो, घरी बसून काय करणार? ऑफिसातली मैत्रीण म्हणते, कळा येईपर्यंत काम कर, रजेचा एकेक दिवस बाळासाठी ठेव. एचआरने पंधरा दिवसांत रजेची तारीख मागितली आहे. शनिवार-रविवार सुट्टी असते, दिवाळीत सोमवार ते बुधवार ऑफिस बंद असतं, १५ पीएल (हक्काची भरपगारी रजा) शिल्लक आहेत, आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येतं. तब्येतीची काही तक्रार नाही. नेमकी कोणती तारीख देऊ?

आमचं उत्तर

तुमच्या पत्रात तीन वेगळ्या तारखा एकमेकींत गुंतल्या आहेत. लोकलचा प्रवास कधी थांबवायचा, माहेरी कधी जायचं आणि रजा कधीपासून मांडायची. आई दुसरीबद्दल बोलते आहे, मैत्रीण तिसरीबद्दल, आणि तुम्हाला खरा त्रास पहिलीचा आहे. एचआरला फक्त तिसरी हवी आहे. तिन्ही एकाच दिवशी यायला पाहिजेत असं कुठेही लिहिलेलं नाही.

हिशेब आठवड्यांत करा, महिन्यांत नको. घरात ‘नववा लागला’ म्हणतात तेव्हा साधारण पस्तिसावा आठवडा संपत आलेला असतो, म्हणजे तारखेला अजून पाच आठवडे असतात. आई आणि सासूबाईंच्या बोलण्यातला निम्मा घोळ या मोजणीचा आहे. तुमची तारीख सोमवारी येते, त्यामुळे प्रत्येक आठवडा सोमवारी पूर्ण होतो: १२ ऑक्टोबरला ३२, ९ नोव्हेंबरला ३६, १६ नोव्हेंबरला ३७ आणि ७ डिसेंबरला ४०. ७ डिसेंबर ही तारीख पहिल्या तिमाहीच्या सोनोग्राफीवरून दिली आहे ना, तेवढं फाइलमध्ये बघून घ्या. नंतरच्या सोनोग्राफीत तारीख चार-सहा दिवस पुढेमागे दाखवतात. ती बाळाच्या वाढीवरून काढलेली असते, तिच्यामागे जाऊ नका.

आता कायदा. तुम्हाला २६ आठवडे भरपगारी रजा आहे. त्यातले जास्तीत जास्त आठ आठवडे तारखेच्या आधी घेता येतात. हा आकडा मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७च्या दुरुस्तीने आला आणि २०२०च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही तोच आहे. ‘जास्तीत जास्त’ हा शब्द नीट वाचा. आठ आठवडे आधी बसावंच लागतं, असं काही एचआरवाले ठासून सांगतात. तसं नाही. आधी शून्य दिवस घेतले तरी चालतात. सक्ती आहे ती प्रसूतीनंतरच्या सहा आठवड्यांची. त्या काळात कंपनीने कामाला लावायचं नाही आणि तुम्हीही जायचं नाही, घरून ‘जरा एक शीट बघ’ हेसुद्धा नाही. अट एकच: तारखेच्या आधीच्या बारा महिन्यांत त्या कंपनीत किमान ८० दिवस काम झालेलं असलं पाहिजे.

२६ आठवडे म्हणजे १८२ दिवस, आणि ते कॅलेंडरचे. रविवार, दिवाळी, २६ जानेवारी सगळं त्यातच मोजलं जातं. पीएल मात्र कामाच्या दिवसांतच कापली जाते. मैत्रिणीच्या सल्ल्यात जे खरं आहे ते इथे आहे, आणि रजा शनिवारी सुरू करू नये ते याच कारणाने. शुक्रवारी काम संपवून अर्जात शनिवारची तारीख घातली की दोन दिवस फुकट गेले. अर्जात नेहमी सोमवार लिहा. सलग सुट्ट्या येत असतील तर त्या उलटल्यावरचा कामाचा दिवस लिहा.

तुमच्या तारखांवर हे मांडू. बाळ ७ डिसेंबरलाच आलं असं धरू (विसातलं एखादंच बाळ दिलेल्या तारखेला येतं, पण हिशेबाला काहीतरी धरावं लागतं).

१२ ऑक्टोबरपासून रजा घेतली तर ती ११ एप्रिलला संपते. १२ एप्रिलला तुम्ही कामावर, आणि बाळ १८ आठवड्यांचं, चार महिने नुकतेच झालेलं. १६ नोव्हेंबरपासून घेतली तर १६ मेला संपते, बाळ २३ आठवड्यांचं. प्रसूतीच्या दिवसापासून घेतली तर ६ जूनला संपते, बाळ बरोबर २६ आठवड्यांचं. सहा महिने केवळ अंगावरचं दूध द्यायचं असेल तर १८ आणि २३ आठवड्यांतला फरक मोठा आहे. अठराव्या आठवड्यात दूध काढून ठेवण्याची व्यवस्था पूर्ण लागते. तेविसाव्यात उरतात तीन आठवडे, म्हणजे कामाचे १५ दिवस. तुमच्या पीएलही १५ आहेत. १७ मे ते ४ जून पीएल टाका आणि ७ जूनला रुजू व्हा. मैत्रिणीला हवे होते तसे बाळासाठी सहा महिने पूर्ण मिळाले, आणि गरोदरपणाचे शेवटचे तीन आठवडे लोकल बदलताना दादरच्या पुलावर काढावे लागले नाहीत.

म्हणून एचआरला द्यायची तारीख: सोमवार, १६ नोव्हेंबर २०२६.

पीएल शेवटी लावायच्या की सुरुवातीला, हे मात्र तुमच्या कंपनीचा नियम बघून ठरवा. गणित दोन्हीकडून सारखंच येतं. पण काही ठिकाणी पीएल ३१ डिसेंबरला बुडते. तसं असेल तर १६ नोव्हेंबर ते ४ डिसेंबर पीएल घ्या आणि प्रसूती रजा ७ डिसेंबरपासून मांडा. बुडत नसेल तर शेवटी ठेवा, पण आत्ताच लेखी मंजूर करून घ्या. प्रसूती रजा कोणी नाकारू शकत नाही, पीएल नाकारू शकतात. मे महिन्यात नवा मॅनेजर ‘आधीच सहा महिने नव्हतात’ म्हणाला तर हातात कागद हवा.

बाळ लवकर आलं तर काय, ही भीती पत्रात न लिहिता जाणवते. काही बुडत नाही. समजा ऑफिस चालू असतानाच ३५व्या आठवड्यात प्रसूती झाली, तर रजा त्या दिवसापासून धरायची आणि १८२ दिवस पूर्ण मिळतात. अर्ज आधी दिलेला नसला तरी हक्क जात नाही, प्रसूतीनंतर लवकरात लवकर कळवायचं. अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणातून किंवा गरोदरपणातून आजारपण आलं तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना भरपगारी रजा आहे. हा महिना २६ आठवड्यांच्या बाहेरचा. तो आहे हे कित्येकींना माहीतच नसतं आणि त्या बिनपगारी रजा टाकून मोकळ्या होतात. उलट बाळ लांबलं तर जादा दिवस मागच्या बाजूने कमी होतात. १४ डिसेंबरला आलं तर एक आठवडा गेला. पहिलटकरणीला तारखेपुढे काही दिवस जाणं नेहमीचं आहे.

हा सगळा हिशेब तब्येत चांगली आहे या एका गोष्टीवर उभा आहे. पुढच्या तपासण्यांत रक्तदाब १४०/९०च्या वर गेला, वार (प्लॅसेंटा) खाली असल्याचं निघालं, गर्भाशयाचं तोंड आखूड झाल्याचं दिसलं, बाळाची वाढ मागे पडली, तर ही गणितं बाजूला ठेवा आणि डॉक्टर म्हणतील त्या दिवशी बसा. हे वाचणाऱ्या कुणाला जुळं असेल, तर तारीख ४० आठवड्यांची धरूच नका. जुळ्यांची प्रसूती बहुधा ३७-३८व्या आठवड्यापर्यंत करतात, त्यामुळे रजाही त्या मानाने अलीकडे येते. उभ्याने काम असणाऱ्यांनी (शाळा, दुकान, कारखान्यातली लाइन) कायद्यातली आणखी एक तरतूद वापरावी: तारखेच्या आधीच्या सहा आठवड्यांत आणि त्याआधीच्या एका महिन्यात, मागणी केली तर मेहनतीचं किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही, आणि त्यासाठी पगार कापता येत नाही. तुम्ही खुर्चीत बसता. तुमचं दुखणं उलटं आहे, फार वेळ बसणं. तासाभराने उठा, पाय खाली लोंबकळत ठेवू नका, टेबलाखाली कागदाच्या रिमचा खोका ठेवलात तरी पुरतो.

आता पहिली तारीख, लोकलची. तुमच्या बाबतीत बसल्या जागच्या कामापेक्षा तिथे पोचणं जड आहे. डोंबिवलीला फास्ट लोकल, दादरला उतरून पुलावरून पश्चिम रेल्वे, मग लोअर परळ. यातला धोक्याचा भाग गाडीतला नाही, दादरचा जिना आणि उतरतानाची रेटारेटी. लेडीज डब्यातल्या बायका जागा देतात, पण दाराशी पोट कोणाला दिसत नाही. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला परवानगी असते. उद्यापासूनच तो डबा धरा, फाइलमधला डॉक्टरांचा कागद पर्समध्ये ठेवा. कामाची वेळ सरकवून मागा, अकरा ते आठ नको, साडेसात ते साडेचार बघा. पोटाला कोपर लागलं, घसरून पडलात, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात जा. वार सुटायला लागल्याचं लक्षण कधी कधी काही तासांनी दिसतं, म्हणून डॉक्टर बाळाचे ठोके थोडा वेळ मशीनवर बघत ठेवतात. रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते आधी सांगा, इंजेक्शन लागू शकतं.

ऑफिसला जाणं ३४ आठवडे पूर्ण होतात त्या आठवड्यापर्यंत, म्हणजे शुक्रवार ३० ऑक्टोबर हा शेवटचा दिवस धरा. त्यानंतर काय उरतं ते मोजा: २ ते ६ नोव्हेंबर पाच दिवस, मग शनिवार-रविवार आणि दिवाळीचे तीन दिवस ऑफिस बंद, मग १२ आणि १३ नोव्हेंबर. म्हणजे सातच दिवस सलग घरून काम मागायचं आहे, आणि तेही आठवड्याचे नेहमीचे दोन-दोन दिवस धरले तर जास्तीचे जेमतेम तीन. ‘मला शेवटचे दोन महिने वर्क फ्रॉम होम हवं’ या मागणीला नकार येतो. ‘सात दिवस, या या तारखांना’ याला सहसा येत नाही. आलाच तर सीएल (किरकोळ रजा) वापरा.

हे सात दिवस सांगलीहून करता येतात. म्हणजे दुसरी तारीखही सुटली. सातव्यात जायची गरज नाही, आणि दिवाळीच्या गर्दीत जायचं तर मुळीच नाही. ३० ऑक्टोबरच्या रात्री निघा. तेव्हा तुम्ही ३४ आठवडे आणि चार दिवसांच्या असाल. तब्येत ठीक असेल तर रेल्वेने जायला हरकत नसते, तरी निघण्याच्या आठवड्यात डोंबिवलीच्या डॉक्टरांना दाखवूनच निघा आणि त्यांचा ताजा शेरा सोबत न्या. कारने जाण्याचा हट्ट कोणी धरला तर घाटातल्या वळणांची आणि दर दोन तासांनी बाथरूमची आठवण करून द्या.

आईचं म्हणणं एका बाबतीत शंभर टक्के बरोबर आहे. सांगलीच्या डॉक्टरांनी तुम्हाला पहिल्यांदा ३५व्या आठवड्यात बघणं चांगलं नाही. गणपती १४ सप्टेंबरला आहेत, त्या दिवशी तुमचे २८ आठवडे पूर्ण होतात. गणपतीला जाणार असालच तर त्याच फेरीत हॉस्पिटलात नाव घाला. सगळे रिपोर्ट, रक्तगट, साखरेची तपासणी, विसाव्या आठवड्याच्या आसपासची सोनोग्राफी यांच्या झेरॉक्स तिथे ठेवा. रात्री भूलतज्ज्ञ येतात का, बाळाला काचेत ठेवायची वेळ आली तर सोय तिथेच आहे की मिरजेला न्यावं लागेल, ऑफिसच्या मेडिक्लेममध्ये ते हॉस्पिटल कॅशलेस आहे का, एवढं विचारून या. शेवटचा प्रश्न तुम्ही एचआरलाही विचारू शकता. त्याच मेलमध्ये नवजात बाळाचं नाव पॉलिसीत घालायची मुदत किती दिवसांची तेही विचारा, बाळंतपणाच्या धांदलीत ती हमखास चुकते. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते, हॉस्पिटल करतं, पण फॉर्मवर आईचं नाव कोणतं लिहिलं (माहेरचं की सासरचं, आधारवर आहे तेच का) हे सही करण्याआधी वाचा. नंतर दुरुस्तीचे हेलपाटे मुंबईहून सांगलीला पडतात.

सासूबाईंना काय सांगायचं? काही नाही. त्यांनी काम केलं ते शेत घराला लागून होतं.

हँडओव्हरचं बघू. तुमच्या खात्याला महिन्याच्या ११ आणि २० तारखा चुकवता येत नाहीत, जीएसटीच्या दर महिन्याच्या दोन रिटर्नच्या, जीएसटीआर-१ आणि ३बी. सप्टेंबरची रिटर्न ऑक्टोबरात तुम्ही भरा, जागा घेणारा माणूस शेजारी बसू दे. ऑक्टोबरची नोव्हेंबरात त्याला भरू द्या: जीएसटीआर-१ची ११ तारीख भाऊबिजेची, सुट्टीतली आहे, तर तो ६ तारखेलाच संपवेल आणि तुम्ही सांगलीहून फोनवर असाल. २० तारखेचं ३बी मात्र तुमच्या रजेत येतं, तिथे तुम्ही नाही. हे ऑक्टोबरातच बोलून ठेवा. शेवटच्या आठवड्यात एका दुपारी सगळं समजावून सांगायचा बेत करू नका. बाळ आधी आलं तर ती दुपार येतच नाही. आणि एक अगदी बारीक पण जिव्हारी लागणारी गोष्ट: पोर्टलवर ओटीपीसाठी तुमचा मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर तो ऑक्टोबरमध्येच बदलून घ्या. नाहीतर २० नोव्हेंबरला, रजेच्या पहिल्याच आठवड्यात, ‘मॅडम, एक ओटीपी आलाय का बघा ना’ असा फोन येतो, आणि २० डिसेंबरला तेरा दिवसांचं बाळ मांडीवर असताना परत येतो. बँकेच्या लॉगिनचंही तेच.

पैशांचं थोडक्यात. रजेआधीच्या तीन महिन्यांत तुम्ही जितके दिवस काम केलं त्या दिवसांच्या सरासरी वेतनाने रजेचा पगार ठरतो. प्रसूतीआधीच्या दिवसांचे पैसे आगाऊ आणि उरलेले प्रसूतीचा दाखला दिल्यावर ४८ तासांत द्यायचे, असं कायदा म्हणतो. बऱ्याच कंपन्या दर महिन्याला पगारासारखेच देतात. ते चालत असेल तर चालवून घ्या, पण रक्कम लेखी विचारा. ऑगस्ट ते ऑक्टोबरात बिनपगारी रजा टाळा. कायद्याच्या हिशेबात तिने सरासरी कमी व्हायला नको, पण पगाराचं सॉफ्टवेअर महिन्याची रक्कम सरळ तीसने भागतं आणि मग भांडत बसावं लागतं. कंपनी बाळंतपणाचा औषधोपचार मोफत देत नसेल तर ३,५०० रुपयांचा वैद्यकीय बोनस वेगळा मिळतो. महिना २१ हजारांपर्यंत पगार असलेल्या आणि ईएसआयमध्ये (राज्य कामगार विमा योजनेत) येणाऱ्या वाचकांना रजेचा पगार कंपनीकडून नाही, ईएसआयकडून मिळते. तिथे मागच्या दोन अंशदान काळांत (एक काळ सहा महिन्यांचा) ७० दिवसांची वर्गणी भरलेली लागते. आधीची दोन मुलं असतील तर रजा १२ आठवडे, त्यातले तारखेआधी जास्तीत जास्त सहा.

मेल मराठीत किंवा इंग्रजीत कसाही लिहा, पण ही चार वाक्यं त्यात हवीत: माझी अपेक्षित प्रसूती ७ डिसेंबर २०२६ची आहे, दाखला जोडला आहे. मी १६ नोव्हेंबर २०२६पासून २६ आठवड्यांची प्रसूती रजा घेत आहे. प्रसूती त्याआधी झाल्यास रजा प्रसूतीच्या दिवसापासून धरावी. रजा संपल्यावर १७ मे ते ४ जून २०२७ अशी १५ दिवसांची पीएल मंजूर करावी. तिसरं वाक्य लोक विसरतात, आणि मग मधल्या दिवसांना गैरहजेरी लागते. कंपनीचा छापील अर्ज असेल तर तोही भरा, पोच घ्या, आणि मेलची प्रत स्वतःच्या खासगी पत्त्यावर ठेवा. रजेत ऑफिसचं लॉगिन बंद करतात.

एवढ्यात बाळाची हालचाल मंदावली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तारखांचा हा कागद बघत बसू नका, थेट दवाखाना.

आता लगेच करायचं काम एकच आहे. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे ३० ऑक्टोबरच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसचं ३१ ऑगस्टला. कल्याणहून बसा. गरोदर बायकांना खालच्या बर्थचा कोटा आहे. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला घेऊन आरक्षणाच्या खिडकीवर कुणाला तरी पाठवा. सोबत येणाऱ्याचं तिकीटही तेव्हाच काढा. दिवाळी आठवड्यावर आलेली असेल, नंतर मिळणार नाही.